हजेरीत न घेतलेलं नाव

बारामतीला लागून असलेल्या आमच्या जळोचीत माझ्या कामाला अजून धड नाव मिळालेलं नाही. शेजारच्या काकू पाहुण्यांना सांगतात, “कंपन्यांत जाऊन भांडणं मिटवती.” मावसभाऊ म्हणतो, “माणसांनी माणसांशी कसं बोलायचं ते शिकवती. आमच्या आजीला ते न शिकता येत होतं.” कार्डावर मी ‘सांस्कृतिक विविधता आणि नेतृत्व सल्लागार’ असं छापून घेतलं आहे. ते वाचून एका मुख्याध्यापकांनी मला शाळेच्या गॅदरिंगचं सूत्रसंचालन कराल का, म्हणून विचारलं होतं. सांस्कृतिक म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे नाचच उभा राहिला.

संपादकांनी कामाच्या आठवणी मागितल्या तेव्हा मी त्यांना कळवलं, की मी अजून पस्तिशीही गाठलेली नाही. ते म्हणाले, “मग एखादी चूक लिहा.” ही ती चूक.

आधी कामाबद्दल थोडं. बारामतीच्या एखाद्या कारखान्यात यंत्र कुठल्या तरी परदेशातलं असतं, मोठे साहेब केरळचे किंवा पंजाबचे, मधले अधिकारी पुण्याचे, कामगार बिहार-ओडिशाचे आणि बाया कंपनीच्या बसने इंदापूरकडच्या वस्त्यांवरून आलेल्या. गेटवर सगळ्यांना एकसारखा गणवेश मिळतो, पण नाही कसं म्हणायचं, मोठ्या माणसाच्या डोळ्यात बघायचं की जमिनीकडे, हे प्रत्येकजण आपापल्या घरून घेऊन येतो. एका दूध प्रकल्पात लुधियानाचे साहेब दर सोमवारी आमच्या एका तात्यांना विचारत, “हो जाएगा?” तात्या म्हणत, “बघू की, साहेब.” साहेब वहीत लिहीत, काम होणार. तात्यांच्या हिशेबाने त्यांनी तोंडावर नकार दिलेला होता. दोघंही महिनोन्‌महिने एकमेकांना खोटारडं समजत राहिले. मी तिथे जाऊन फक्त ‘बघू’ या शब्दाचा अर्थ सांगितला. माझं काम इतकंच आहे, आणि ते इतकं सोपं आहे असं मला फार दिवस वाटत होतं.

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. वडिलांकडे हाताने चालणारं लहानसं छपाईयंत्र होतं. हुंड्याविरुद्ध, जातपंचायतीविरुद्ध, अंगात येण्याविरुद्ध ते पत्रकं छापायचे, आई त्यांचा मजकूर लिहायची आणि मी एसटी स्टँडवर वाटायला त्यांच्या घड्या घालायचे. आमच्या घरात प्रत्येक वाक्यानंतर उद्गारचिन्ह असायचं. आई वडिलांना सरळ नावाने हाक मारायची, “दिनकर, चहा झालाय.” शेजारच्या बाया तोंडाला पदर लावायच्या. मला त्यात लाजण्यासारखं काय आहे ते कळायचं नाही. बायकोने नवऱ्याचं, सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ही प्रथा मला पत्रकातूनच माहीत होती. पत्रकात एकदा निषेध केला की ती गोष्ट जगातून संपते, अशी माझी समजूत होती. मी मोठी झाले तरी ती समजूत कुठे तरी तशीच राहिली असावी.

तर, बारामतीबाहेरचं एक डाळिंबाचं पॅकहाउस. इथे बागांमधून आलेली डाळिंबं धुतात, निवडतात, फोडून दाणे काढतात आणि डब्यांत भरून परदेशी पाठवतात. हिवाळ्यात सकाळी सातच्या पाळीला मी तिथे पहिल्यांदा गेले, तेव्हा कालव्यावरचं धुकं गेटपर्यंत आलं होतं. बस त्या धुक्यातून अर्धी बाहेर आली आणि तिच्यातून बाया एकेक करून उतरल्या, झोपेतच चालत असल्यासारख्या. आत गेल्यावर सगळ्यांनी पांढरे कोट, पांढऱ्या टोप्या, मास्क आणि गमबूट चढवले. दालनात फ्रीजसारखी थंडी. यंत्रांची संथ घरघर. टेबलांवर लाल दाण्यांचे ढीग आणि त्यांच्याभोवती नुसते डोळे. बाई कोण, बुवा कोण, इंदापूरचा कोण आणि ओडिशाचा कोण, काही कळत नव्हतं. मला ते फार आवडलं. आईच्या पत्रकातलं जग असंच असेल असं वाटलं. मग लक्षात आलं, की इथे माणसाकडे स्वतःचं म्हणून एकच गोष्ट उरते. नाव.

म्हणूनच तिथली हजेरी महत्त्वाची. गेटवर अंगठा लावला तरी टेबलापाशी पुन्हा हजेरी होते. लाइनची लीडर एकेक नाव पुकारते. ज्याचं नाव आलं त्याने दोन्ही हात पुढे करून ‘हजर’ म्हणायचं, बोटाला जखम नाही, अंगात ताप नाही, हे सांगायचं. ज्याची अशी हजेरी झाली नाही त्याने फळाला हात लावायचा नाही. परदेशी गिऱ्हाइकाची ती अट आहे.

दाण्याच्या लाइनची लीडर होती शालनताई. पंचेचाळिशीची, इंदापूरच्या अलीकडच्या एका वस्तीवरची. डाळिंब कानाशी धरून बोटाने टकटक करून आतून काळं पडलंय का ते सांगायची. त्या पॅकहाउसमध्ये लीडर झालेली ती पहिली बाई. तिच्या हाताखाली तीस माणसं होती, त्यांत ओडिशाचे सहा पुरुष. त्यांतल्या पाचांना ती नावाने हाक मारायची. सहाव्याची पाळी आली, की यादीवरून नजर उचलायची, त्याच्याकडे बघायची आणि म्हणायची, “पाव्हणं?” तो हात पुढे करायचा, ती टिक करायची.

आमच्याकडे अनोळखी माणसाला प्रेमाने पाव्हणं म्हणतात. पण या माणसाला येऊन आठ महिने झाले होते. त्याने कुणाला तरी शब्दाचा अर्थ विचारला, तर समजलं, मेहमान. म्हणजे जो जाणार आहे तो.

एकदा त्याने शीतगृहाच्या दाराचं रबर फाटलेलं वेळेत दाखवलं आणि एक अख्खी खेप वाचली. महिन्याच्या सभेत त्याला प्रशस्तिपत्र द्यायचं ठरलं. लीडरने माइकवर नाव पुकारायचं, मोठ्या साहेबांनी कागद द्यायचा. शालनताई माइक हातात घेऊन नुसती उभी राहिली. कुणी तरी खोकलं. मग ती म्हणाली, “आपलं ते... पाव्हणं. ओडिसाचं. या की म्होरं.” दालन हसलं. तो माणूस जागचा उठला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने तक्रार दिली, की माझ्या प्रांतामुळे आणि रंगामुळे लीडर माझा अपमान करते. कंपनीने मला बोलावलं.

मी पेटून गेले होते. जन्मभर ज्याच्या विरुद्ध घड्या घातल्या, ते माझ्याच तालुक्यात, माझ्याच बोलीत चाललं होतं. मी टेबलावरच्या बायांना एकेक करून विचारलं.

“ती त्याचं नाव घेत न्हाय, मॅडम,” त्या म्हणाल्या आणि एकमेकींना कोपरानं ढोसलं.

“का घेत नाही?”

“आता का म्हंजे! न्हाय घेत.”

“हसण्यासारखं काय आहे त्यात?”

“हासू न्हाय तर काय करू? तिचं तिला अवघड झालंय.”

मी वहीत लिहिलं, भेदभावाची सर्वांना कल्पना आहे, गट त्यावर हसतो.

मग शालनताई. ती माझ्यासमोर खुर्चीच्या कडेवर बसली. मास्क काढल्यावर तिच्या नाकावर त्याचा वळ उमटलेला होता.

“तुम्ही त्यांचं नाव का घेत नाही?”

तिने खाली बघितलं. “न्हाय घेता येत, मॅडम.”

“जमत नसेल तर शिका. बाकी पाच जणांची शिकलात ना?”

“ते शिकून न्हाय येत.”

मी लिहिलं, उच्चार जमत नसल्याची सबब, सुधारण्याची तयारी नाही. ‘नाव घेत नाही’ हे शब्द मला दिवसभरात दहा तोंडांनी ऐकवले गेले. मराठीत त्याचा अर्थ काय होतो हे शाळकरी पोरीलाही समजलं असतं. मला समजलं नाही, कारण माझ्या घरात सगळे सगळ्यांची नावं घेत होते.

अहवाल मी दोन दिवसांत दिला. शालनताईंना लीडरपदावरून कमी करावं, असं त्यात शेवटी लिहिलं. वाक्य छान जमलं होतं. दुपारी पाठवलं आणि त्याच दिवशी इंदापूरला एका संस्थेत बैठक होती म्हणून कंपनीच्या परतीच्या बसमध्ये बसले. शेजारची जागा रिकामी होती. शालनताई येऊन तिथे बसली. तिला अजून काही माहीत नव्हतं.

साडेतीनची पाळी सुटलेली. उतरतं ऊन, दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच पेरूच्या बागा, फळांना प्लॅस्टिकच्या पिशव्या घातलेल्या, त्या उन्हात दिव्यांसारख्या दिसत होत्या. बसमधल्या बाया झोपल्या होत्या. सगळ्यांच्या माना एकाच लयीत डुलत होत्या. मलाही पेंग येत होती आणि त्या पेंगेत अहवालातलं शेवटचं वाक्य पुन्हा पुन्हा येत होतं, आणि मला अजून ते आवडत होतं.

इंदापूर जवळ आलं तेव्हा शालनताईने पिशवीतून एक फॉर्म काढला. सासऱ्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा.

“मॅडम, तुमचं अक्षर चांगलं हाय. येवढं आमच्या आबांचं नाव लिवा की हितं.”

मी पेन काढलं. “काय नाव?”

ती खिडकीबाहेर बघून हसली. तेवढ्यात बस चौकात वळली आणि रस्त्यावर हिरवी पाटी आली, पुढच्या गावांची. तिने बोट केलं.

“ती बघा पाटी. खालनं दुसरं गाव. त्यातलं म्हागलं ‘पूर’ सोडा. ऱ्हायलं ते आबांचं नाव. थोरल्या देवाच्या नावानं ठिवलंय.”

पाटीवर होतं, नरसिंहपूर.

आणि ओडिशाच्या त्या माणसाचं नाव होतं नृसिंह.

मी फॉर्मवर नाव लिहिलं. अक्षर चांगलं आलं नाही. बस थांबली, ती “येते हां मॅडम” म्हणून उतरली आणि मी माझ्या थांब्यावर उतरायचं विसरले.

दुसऱ्या दिवशी मनुष्यबळ विभागाच्या फर्नांडिस साहेबांना भेटले. ते गोव्याचे, पण पुण्यात वाढलेले. त्यांना माझा अहवाल अतिशय आवडला होता, हीच पंचाईत. मी सगळं सांगितलं.

“मग हे तुम्हाला आधी कसं नाही कळलं? तुम्ही इथल्याच ना?”

“इथलीच आहे म्हणून नाही कळलं,” मी म्हणाले. त्यांना ते पटलं नाही आणि मलाही नीट समजावता आलं नाही.

अहवाल वरपर्यंत गेला होता, आता मागे घेता येणार नव्हता. पहिल्या तारखेपासून शालनताईला टेबलावर परत पाठवायचं ठरलं होतं. एकच वाट होती, तक्रार करणाऱ्याने समाधान झाल्याचं स्वतः लिहून द्यायचं. फर्नांडिस साहेबांनी तोडगाही काढला. त्या माणसाला नंबराने हाक मारावी, नाहीतर एखादं छोटं सुटसुटीत टोपणनाव ठेवावं, राजू वगैरे. मी इतकी ओरडले, की बाहेरच्या टेबलावरचा कारकून दार उघडून बघून गेला. आठ महिने ज्याला नाव मिळालं नाही त्याला आता नंबर देणार? आपल्या सोयीसाठी राजू करणार?

नृसिंह मला चहाच्या सुट्टीत बाहेर भेटला. पस्तिशीचा, शांत, बोलताना कपाची कड अंगठ्याने पुसत राहणारा. मी त्याला पाटीची गोष्ट सांगितली. त्याने पूर्ण ऐकली. मला वाटलं, तो हसेल आणि सगळं मिटेल.

“मॅडम, मेरी घरवाली भी मेरे बाप का नाम नहीं लेती. हमारे उधर भी चलता है ये,” तो म्हणाला. “पर वो घर है. ये कंपनी है.”

“म्हणजे तुम्हाला समजतंय ना, की त्यांनी अपमान केला नाही?”

“समज गया. गुस्सा नहीं अब.” त्याने कपातला उरलेला चहा संपवला. मग मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला, “पण माझा नाव? तो तर अजून नाही आला. आठ महिना से इधर मेरा नाम किसीने नहीं बोला, मॅडम. साथवाले भी पाव्हणं बोलते हैं अब. फोन पे माँ बोलती है, बस.”

तो सही देणार नव्हता. आणि खरं सांगायचं तर त्याचं बरोबर होतं. कारण समजलं म्हणून हक्क मिळत नाही, हे माझ्या आईने कुठल्याही पत्रकात लिहिलं असतं.

शालनताईला सांगणं उरलं होतं. कँटीनमागच्या कडुलिंबाखाली मी तिला सगळं सांगितलं. अहवाल, शेवटचं वाक्य, पहिली तारीख.

तिने हातातला घास डब्यात परत ठेवला. मग म्हणाली, “मॅडम, इचारायचं हुतं की मला.”

“विचारलं होतं मी.”

“इचारलं व्हय. पर ऐकलं कुठं?”

उत्तर नसलं की मी भाषण करते. मी तिला म्हणाले, की नाव न घेणं ही गुलामीच आहे, सासऱ्याने सुनेचं नाव घ्यावं आणि सुनेने मात्र घेऊ नये यात कसला मान, बाईला लीडर करायचं आणि तिच्या जिभेला कुलूप लावायचं, असं किती दिवस चालणार? लिंबाच्या सावलीत बसलेल्या दोघी-तिघी वळून बघायला लागल्या.

शालनताईने डब्याचं झाकण लावलं. “तुमी मला सोडवाय आलाय का कामावरनं काढाय? एक काय ते ठरवा आधी.”

त्यानंतर ती आणखी एक बोलली, आणि ते मी कामाला लागले तेव्हाच कुणी तरी मला सांगायला हवं होतं. “मला कुणी कुलूप लावलं न्हाय. आबांनी माझ्या हातात सायकल दिली, नवऱ्याला द्यायच्या आधी. कामावर जा म्हणून तेच म्हणाले. त्यांचं नाव घेत न्हाय त्यो मान माझा हाय. मी दिल्याला.”

“मग आता?”

“आता काय. पाव्हणं बी खोटं न्हाय.” ती उठली. “रविवारी या घरी. मला आबांपुढं इषय काढता येणार न्हाय. नाव न घेता नावाचं कसं बोलायचं?”

रविवारी मी गेले. वस्ती पेरूच्या बागेत, आणि बागेच्या पलीकडे उजनी धरणाचं साठलेलं पाणी. पाण्यावर लांब रोहित पक्ष्यांची एक ओळ उभी होती, इतकी स्थिर की चित्र कुणी तरी तिथेच विसरून गेल्यासारखं वाटत होतं. आबा बाजेवर बसले होते, ऑपरेशननंतरचा काळा चष्मा लावून. कानाने कमी ऐकायचे. शालनताई दाराच्या आत उभी राहिली आणि मी बाजेशेजारी बसून मोठ्याने सांगायला लागले.

“कुणाचं नाव?” आबांनी विचारलं.

“तुमचं, आबा.”

“माझं काय झालं?”

“तुमच्या नावाचा माणूस आहे कंपनीत. शालनताईंच्या हाताखाली.”

“कुठला?”

“ओडिशाचा.”

“लय लांबनं आलंय नाव,” आबा म्हणाले. मग विचारलं, “काळा हाय का माझ्यागत?”

“आहे थोडा.”

“कामाला कसा हाय?”

आतून शालनताईचा आवाज आला, “कामाला एक नंबर हाय.”

“मग हिचं घोडं कुठं आडलंय?”

मी सांगितलं. आबांनी चष्मा सारखा केला. पाण्यावरून वारा आला, बागेतल्या पिशव्या सळसळल्या.

“माझी आई गेली. मग थोरला भाऊ गेला,” ते म्हणाले. “त्यानंतर मला नावानं हाक मारणारं कुणी ऱ्हायलंच न्हाय. समदी आबा म्हणत्यात. दवाखान्यात त्या पोरीनं वाचलं परवा माझं नाव, तर मी बसूनच. म्हटलं दुसऱ्या कुणाचं आसंल.” ते दाराकडे वळले. “घे गं. घे की. नाव हाक मारायलाच ठिवत्यात. येवढं चांगलं नाव, नुसतं पाटीवर लावून काय उपेग?”

शालनताई मला सोडायला रस्त्यापर्यंत आली तेव्हा म्हणाली, “आबांनी सोडलं मॅडम. जीभ सोडंना.”

पहिल्या तारखेच्या आधीच्या दिवशी मी सातच्या पाळीला दालनात होते. फर्नांडिस साहेबही आले होते, पांढऱ्या कोटात तेही साहेब वाटत नव्हते. बाहेर पुन्हा धुकं होतं आणि दार उघडलं की त्याची एक पट्टी आत यायची आणि विरायची. तीस माणसं टेबलांपाशी उभी. शालनताईने यादी धरली. नावं पुकारत गेली. हात पुढे येत गेले. हजर. हजर. हजर.

मग ती थांबली.

नृसिंह तिच्याकडे बघत होता. मास्कच्या वर त्याचे नुसते डोळे. तिचा उजवा हात वर गेला, पदर डोक्यावर घ्यायला. पदर कोटाच्या आत होता. हाताला टोपीची जाळी लागली. ती जाळीच तिने कपाळावर पुढे ओढली.

“नरसिंग,” ती म्हणाली. इतकं हळू, की मला ते ऐकून नाही, मास्कच्या हालचालीवरून कळलं.

त्याने हात पुढे केले नाहीत. त्याला ऐकूच गेलं नव्हतं, की त्याला पुन्हा ऐकायचं होतं, ते मी त्याला कधी विचारलं नाही.

तिने श्वास घेतला. “नरसिंग! हायस का न्हाय?”

दालनात कुणाच्या तरी हातातून डबा पडला. सासऱ्याचं नाव, तेही एकेरीत. एका बाईने “अगं बया” म्हणून मास्कवरून हात धरला.

“नृसिंह,” तो म्हणाला. “नरसिंग नाही ताई. नृ-सिंह.”

“आता घेतलंय न्हवं? त्यात आणि चुका काढतोस व्हय?” ती कडाडली, आणि सगळं दालन हसलं. तोही हसला. दोन्ही हात पुढे करून म्हणाला, “हजर.” तिने पुन्हा एकदा म्हणून बघितलं, नृसिंह, जिभेवर चव घेतल्यासारखं. मग टिक केली.

त्याने दुपारी लिहून दिलं आणि शालनताईचं पद राहिलं. माझा अहवालही राहिला. तो फाइलमध्ये आहे, त्याला मागे एक पान टाचलं आहे, ‘अहवालातील निष्कर्ष चुकीचा’, खाली माझी सही. एवढ्या वर्षांत मी लिहिलेलं सगळ्यात खरं पत्रक तेच असावं, आणि त्यात एकही उद्गारचिन्ह नाही.

पण मला सांगायचंय ते त्याच सकाळचं. हजेरी संपल्यावर ती हात धुवायच्या बेसिनपाशी गेली आणि नळ सोडून उभी राहिली. मी मागून गेले. तिने कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा धुतले.

“कसं वाटतंय, शालनताई?”

“शालन माझं नाव न्हवं,” ती पाण्याकडे बघत म्हणाली. “लग्नात ताटात तांदूळ पसरत्यात, त्यावर नवऱ्यानं अंगठीनं नवं नाव लिवायचं. तवाचं हाय ते. माहेरचं येगळं हुतं.”

“काय होतं?”

“वैजयंता. आय वैजंता म्हणायची. आता तिकडं बी कोण न्हाय म्हणाय.” तिने नळ बंद केला. “नाव कसं अडकून ऱ्हातंय बघा माणसात. त्यो आठ महिन्यांत कासावीस झाला. मी कधी मोजलंच न्हाय.”

आतून बेल झाली. लाइन सुरू व्हायची होती. ती हात झटकत दालनाकडे चालायला लागली. नावं घ्यायची मला लहानपणापासून सवय, तरी तेव्हा तोंडातून शब्द फुटेना. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी बाई. नुसतं नाव कसं घ्यायचं? आधी मनात ‘वैजयंताताई’ म्हणून बघितलं. ती कुणी तरी तिसरीच वाटली. मग ताई काढून टाकलं आणि हाक मारली.

“वैजयंता!”

ती चालतच राहिली. टेबलापाशी उभ्या असलेल्या दोघींनी मागे वळून बघितलं, कुणाला हाक मारली म्हणून. दारापाशी पोचल्यावर तिचा पाय थांबला. ती वळली, आधी त्या दोघींकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“व्हय,” ती म्हणाली. “मीच की.”